पुरवणी जबाब

उज्वला खैरनार नाशिकच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. माहेर सटाण्याचं, राहायला दिंडोरी रोडला, आणि भाजी कायम पंचवटीच्या बाजारातून, मालनबाईंकडूनच. मार्चमधल्या एका सकाळी तिची भाजी घेऊन झाली. मालनबाई चहाचा रिकामा ग्लास परत द्यायला समोरच्या टपरीकडे निघाल्या आणि गल्लीत वळलेल्या टोमॅटोच्या पिकअपने त्यांना उडवलं.

पुढचं सगळं पाच मिनिटांत उरकलं. माणसं धावली, कुणी टोमॅटोची सांडलेली कॅरेट बाजूला केली, कुणी रिक्षा थांबवली आणि मालनबाईंना दवाखान्यात नेलं. उज्वला पिशवी छातीशी धरून होती तिथेच उभी राहिली. तिचे पाय हललेच नाहीत. शेजारचा नारळवाला तिला म्हणाला, "फोनवर बोलत आला हो तो. कानाला फोन होता, पाहिलंत ना?" तिने मान हलवली.

दुपारी चौकीत हवालदारांनी तिचा जबाब घेतला. शिकलेली बाई, त्यात प्राध्यापिका. साक्षीदार म्हणून त्यांना ती पक्की वाटली. ड्रायव्हरच्या उजव्या कानाला फोन होता, काळा, पिवळ्या कव्हरचा, असं तिने सांगितलं. सांगताना तो तिला डोळ्यांसमोर दिसत होता. तिने बिनदिक्कत सही केली.

ड्रायव्हरचं नाव देवराम गावित. सुरगाण्याकडचा, पन्नाशीला टेकलेला, वणीहून टोमॅटो भरून आणणारा. गाडीमालकाने त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. मालनबाईंचं मांडीचं हाड मोडलं होतं, पण जिवावरचं टळलं. उज्वला दोनदा दवाखान्यात जाऊन आली आणि आपण आपलं काम चोख केलं, या समाधानात राहिली.

तीन आठवड्यांनी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला बोधनिक मानसशास्त्र सुरू झालं. हा विषय ती नऊ वर्षं शिकवत होती आणि सुरुवात नेहमी इतिहासाने करायची. शंभर वर्षांपूर्वी मन ही बंद पेटी आहे, तिच्यात डोकावू नका, बाहेर दिसणारं वागणं तेवढं मोजा, असं म्हणणाऱ्यांचा जोर होता. मग महायुद्धानंतर संगणक आले. यंत्राच्या पोटात माहिती कशी शिरते, कुठे साठते, कशी बाहेर येते हे मांडता येतं, तर माणसाच्या डोक्याचं का मांडता येऊ नये, असं काहींना वाटलं. तिथून लक्ष, भाषा, स्मरण यांचा अभ्यास पुन्हा मानाने सुरू झाला. लक्षाचं दार किती अरुंद असतं ते कळलं. आकडे ऐकून लगेच म्हणायला सांगितले तर माणूस सातेक आकड्यांवर अडखळतो, हे कळलं. आणि आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, ती दर वेळी नव्याने रचली जाते, हेही कळलं.

हे शेवटचं पटावं म्हणून ती दर वर्षी अमेरिकेतला पन्नास वर्षांपूर्वीचा एक प्रयोग वर्गात करून दाखवायची. दोन मोटारींच्या टकरीची छोटी चित्रफीत सगळ्यांना दाखवायची आणि मग वेग विचारायचा. अर्ध्या मुलांच्या कागदावर 'मोटारी एकमेकींना लागल्या तेव्हा', उरलेल्यांच्या कागदावर 'मोटारी एकमेकींवर आदळल्या तेव्हा'. निकिता नावाच्या मुलीने फळ्यावर सरासरी मांडली. 'लागल्या' वाचलेल्यांनी लिहिलेला वेग ताशी एकतीस. 'आदळल्या' वाचलेल्यांचा चव्वेचाळीस. मुलं हसली. हर्षल मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅम, म्हणजे हे लोक खोटं बोलले?"

"नाही," उज्वला म्हणाली. "त्यांना तसंच आठवतंय. एक शब्द कानावर पडला आणि तो आठवणीत जाऊन बसला."

हे बोलताना तिला नारळवाल्याचा प्रश्न आठवला. पुढचं वाक्य तिला सुचेना. तिने तास दहा मिनिटं आधीच सोडला.

त्यानंतर तिला एका जागी बसवेना. स्टाफरूममध्ये चहा घेतला, अर्धा ठेवला. पेपर तपासायला काढले, बांधून ठेवले. डोळे मिटले की फोन हजर, काळा, पिवळ्या कव्हरचा. नारळवाल्याचा प्रश्न वगळून ती तो प्रसंग पहिल्यापासून आठवू लागली, पण प्रश्न वगळताच येईना. तो फोनच्या आधीचा होता की नंतरचा, हेही तिला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात त्याच जागी जाऊन उभी राहिली. एक पिकअप वळली, दुसरी वळली. दोन्ही वेळा गाडीची डावी बाजू तिच्याकडे होती. ड्रायव्हर पलीकडे, उजव्या बाजूला बसलेला. तिथून ती थेट चौकीत गेली. जप्त केलेली पिकअप आवारात उभी होती. तिच्या डाव्या काचेवर देवीचं भलंमोठं चित्र चिकटवलेलं होतं, वरून खालपर्यंत. त्या काचेतून आतलं माणूससुद्धा दिसलं नसतं.

हवालदारांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी दिसलेलं आज नाहीसं कसं झालं, असं त्यांनी विचारलं.

"नाहीसं नाही झालं, अजून दिसतंय," ती म्हणाली. "पण मी उभी होते तिथून ते दिसणं शक्यच नव्हतं."

असा जबाब त्यांनी आजवर लिहिला नव्हता. शिवाय ड्रायव्हरने स्वतःच फोनचं कबूल केलंय, तुम्ही कशाला त्रास करून घेता, असंही ते समजुतीने म्हणाले. जामिनावर सुटलेला देवराम हजेरी द्यायला आलेला होता, बाहेर बाकावर बसला होता. उज्वला त्याच्यापाशी गेली, आपण कोण ते सांगितलं आणि कबुलीचं विचारलं.

"पयले मी नायच म्हणलो," तो म्हणाला. "मंग समदे तेच इचारत राहिले. पोलीस, मालक, घरची माणसं. आता डोळं मिटलं का माझ्याच कानाला फोन दिसतो, बाई. व्हता का नव्हता, माझा मलाच सांगता येत नाय."

उज्वला आत गेली आणि पुरवणी जबाब लिहून घ्याच, म्हणून हटून बसली. दीड तासाने तो लिहिला गेला.

मग बाजारात चर्चा सुरू झाली. मालनबाईंचा मुलगा रोहित कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि जबाब फिरवायचं हे तुम्हाला कुणी शिकवलं, एवढंच पुन्हापुन्हा विचारत राहिला. तिच्याकडे उत्तर होतं, पण ते त्याच्या आईच्या मोडलेल्या हाडापुढे सांगण्यासारखं नव्हतं. पुढे मोबाइल कंपनीची नोंद आली. अपघाताच्या आधी तासाभरात देवरामच्या फोनवरून कॉल गेला नव्हता की आला नव्हता. फोनचा मुद्दा गळाला. गल्लीत बेफिकिरीने गाडी घातल्याची केस मात्र राहिली, आणि मालकाने त्याला परत घेतलं नाही. वणीच्या बाजारात तो आता कॅरेट उचलतो, असं हवालदारांकडून कळलं. एका रविवारी ती त्याला भेटायला वणीला गेली. तो दिसला, पण पुढे होण्याचा धीर तिला झाला नाही. ती तशीच परतली.

जुलैत मालनबाई काठी टेकत पुन्हा बाजारात बसू लागल्या. उज्वला जायचं टाळत होती. शेवटी एका सकाळी गेली. रोहितने पाठ फिरवली, पण मालनबाईंनी तिचा हात धरून शेजारी बसवलं.

"हा काय बी बोलला आसंल तर मनावर घेऊ नका, ताई," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही व्हत्या म्हणून मी हाय. माझं डोकं तुम्ही मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. मी इसरले नाय."

"मावशी, ती मी नव्हते. मी लांब नुसती उभी होते."

"तुम्हीच. तोंडाकडं बघतच व्हते ना मी तुमच्या."

उज्वलाने पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. मालनबाई हसल्या आणि गिऱ्हाइकाला गवार मोजू लागल्या. ती उठून गंगेकडे, गोदावरीच्या घाटाकडे चालायला लागली. पहिला तास नऊला होता. रस्ताभर ती तो प्रसंग पुन्हा लावून पाहत होती: पिशवी, नारळवाला, सांडलेले टोमॅटो. कारंज्याच्या चौकापाशी येईतो तिला मांडीवर कुणाच्या तरी डोक्याचं ओझं जाणवायला लागलं होतं. ती रस्त्यातच थांबली, "नाही," असं मोठ्याने म्हणाली, आणि मागून आलेल्या रिक्षावाल्याने तिला वळसा घातला.