झोपाळ्यावरची राणी

साधना मॅडम मनाने चांगल्या आहेत, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मला आता त्यांचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

मी पॉलिमर क्लेच्या, बोटाएवढ्या बाहुल्या करते. या मातीत रंग आधीच मळायचा, सुईने नाकडोळे कोरायचे आणि छोट्या ओव्हनमध्ये भाजायचं. इथे मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटच्या प्रदर्शनासाठी मी आईच्या गोष्टीतल्या दोन राण्या केल्या. राजाची आवडती महालात झोपाळ्यावर, नावडती गोठ्यात शेणाच्या पाटीजवळ.

माझी आई सावळी. खैरलांजीच्या सासरघरी आजीने तिला जन्मभर ‘काळी’ म्हणूनच हाक मारली. घरात लग्न निघालं की नेमकं फोटोच्या वेळी आईला चुलीपाशी काम निघायचं. राण्यांची गोष्ट मात्र ती हसतहसत सांगायची, जणू नावडती दुसरीच कुणी होती. म्हणून मी आवडतीला आईचा चेहरा दिला. चार रंग मळून तिचा रंग आणला, तीनदा डोकं मोडून तिचं बसकं नाक जमवलं, त्यात मोहरीएवढी नथ घातली. नावडती गोरी केली. मुद्दाम केली, का नाही करायची?

आईला फक्त म्हटलं, ये, एक गंमत दाखवते. ती नवं लुगडं नेसून बसने आली. टेबलाशी वाकली, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

झोपाळ्यावर गोरी राणी बसली होती. माझी आई गोठ्यात होती, शेणाच्या पाटीजवळ.

“ही मीच न वं, दीपिका?” आईनं विचारलं.

तेवढ्यात साधना मॅडम आल्या. प्रदर्शन त्यांचंच. जबलपूरहून बदलून आलेल्या, मराठीचा गंध नाही.

“बेटा, तुम्हारी रानियां उलटी रखी थीं. मैंने सुबह ठीक कर दीं.”

चेहऱ्यावर असा भाव, की मी आता आभार मानावेत!

“उलटी नहीं थीं, मॅडम.”

“अरे, राजा की चहेती सांवली थोड़ी होती है!”

आई शेजारीच उभी होती. मॅडमना दिसत होती. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मग मी तोंड सोडलं. नथ घालून शेण कोण उचलतं? ती गोरी कामासाठी लुगड्याचा काचा मारून झोपाळ्यावर बसलीय, हे दिसलं नाही? डोळे आहेत, अक्कल आहे, तरी रंगाखेरीज काही दिसू नये! हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. बघू देत. मी राणी उचलायला हात घातला, तर आईने माझं मनगट धरलं.

“राहू दे.”

“काहून राहू दे? तुले गोठ्यात बसवलं तिनं!”

“मंग काय झालं? माह्या सासूनंबी दारातच पायलं अन् जागा दाखवली. या मॅडमलेबी तेवढाच टाइम लागला.”

असं म्हणून आई हसली. काही न कळता साधना मॅडमही तिच्याबरोबर हसल्या.