ताई, चावू नकोस

मी एक जुना फाउंटन पेन आहे, मित्रांनो, आणि मला माणसांच्या तोंडाची किळस येते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला बघून शाईच्या बाटल्यांची झाकणं आपोआप उडाली होती. खोटं वाटत असेल तर बाटल्यांना विचारा. अंग काळं कुळकुळीत, टोपण चांदीचं, आणि निब अशी की नुसती टेकवली तरी कागदाला गुदगुल्या व्हायच्या. मला वाटलं, आपण आता एखाद्या बड्या माणसाच्या खिशात बसणार.

बसलो कुठे, तर ताईच्या तोंडात.

ताई वर्तमानपत्रासाठी शब्दकोडी तयार करायची. शब्द अडला की हातातलं पेन दातांत धरायची आणि उंदराने खोबरं कुरतडावं तशी कुरतडायची. तिचा धाकटा भाऊ नावं कोरायचं काम करायचा. पेनांवर, घड्याळांवर, शर्यतीच्या कपांवर. त्यानेच मला आणलं आणि माझ्या टोपणावर आपल्या हाताने कोरलं, ‘ताई, चावू नकोस’. बाकीच्या पेनांवर ‘सप्रेम भेट’ असायचं, आणि माझ्या कपाळी ही पाटी.

ताईने ती वाचली, पोट धरून हसली, आणि हसता हसता मला चावली.

सकाळी चहा, दुपारी कच्चा कांदा, आणि मधल्या वेळात मी. त्या थुंकीत मी इतका भिजायचो की एकदा माझ्या अंगावर शेवाळ धरलं आणि त्यात एक बेडूक राहायला आला. लहान होता म्हणा. पण होता.

ताईचा वरचा एक दात अर्धा होता. लहानपणी धाकट्याने तिला झोपाळ्यावरून ढकललं होतं. त्यामुळे माझ्या मागच्या टोकावर खुणा तशाच पडल्या. एक खोल, एक अर्धी, पुन्हा एक खोल.

अशी चाळीस वर्षं गेली. मग ताईच्या नवऱ्याने जुनं टेबल विकलं आणि खण रिकामा करायला विसरला. खणात मी होतो. मागाहून कळलं की ताईने कोडी बंद केली, आणि तीन महिने नवऱ्याशी ‘चहा’ आणि ‘मीठ’ याखेरीज एक शब्द बोलली नाही.

मी गेलो एका जुन्या पेनांच्या व्यापाऱ्याकडे. त्याने अंगठ्यावर थुंकून मला पुसलं. बघा, इथेही थुंकीच. म्हणाला, “दुसऱ्याचं नाव घातलेलं पेन म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश. कोण घेणार?” मग त्याने मला फिरत्या चाकावर धरलं. आधी ‘नकोस’ गेलं, मग ‘चावू’, आणि शेवटी ‘ताई’. मित्रांनो, चाळीस वर्षं मी तोंडात काढली, पण इतका ओंगळ मी मलाच कधी वाटलो नव्हतो.

दातांच्या खुणा मात्र त्याने मुद्दाम ठेवल्या. फोनवर गिऱ्हाइकाला सांगत होता, “न्यायमूर्तींचं पेन आहे हो. फाशीचा निकाल लिहिताना चावायचे ते.” मी जन्मात ‘आडवे शब्द’ याहून भयंकर काही लिहिलं नव्हतं.

खोटं नाव कोरायला तो मला घेऊन गेला, आणि समोर कोण, तर धाकटा. आता म्हातारा झालेला, नाकावर एकावर एक दोन चष्मे.

“आजोबा, वर ‘न्यायमूर्ती’ घाला, खाली कुठलंही भारदस्त नाव. गिऱ्हाईक बाहेर गाडीत बसलंय.”

धाकट्याने कोरं टोपण बघितलं आणि सुई उचलली. त्याने मला ओळखलं नाही. आता मी मरेपर्यंत कोणाच्या तरी काचेच्या कपाटात खोटं बोलत पडून राहणार होतो. ओरडायला तोंड नाही. जीव एकवटून मी त्याच्या अंगठ्यावर शाईचा एक थेंब गाळला.

तो पुसायला त्याने मला उलटं केलं. अंगठा मागच्या टोकावर आला. एक खोल, एक अर्धी, एक खोल. अंगठा तिथेच थांबला.

“हे कोणी चावलंय?”

“न्यायमूर्तींनी. आणखी कोणी?”

“त्यांना कोणी झोपाळ्यावरून ढकललं होतं का?”

“काय?”

“काही नाही. बसा, कोरतो.”

सुईचा पहिला ‘ता’ उमटला आणि माझ्या पोटातली शाई गरम झाली. तो हात मला पाठ होता.

व्यापाऱ्याने वाचलं आणि त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. “हे काय लिहिलंत?”

“आधी होतं तेच.”

“अहो, गिऱ्हाइकाला काय सांगू? न्यायमूर्तींची ताई कोण?”

“माझीच आहे. पाठवा भेटायला.”

“आत्ता पुन्हा घासून आणतो.”

“घासा की. पत्रा कांद्याच्या सालीएवढा राहिलाय. आणखी एकदा घासलात तर बोट आरपार जाईल.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. व्यापाऱ्याने मला टेबलावर आपटलं. धाकट्याने कपाटातून एक कोरं पेन काढून त्याच्या हातात ठेवलं. “फुकट नको मला. हे न्या. याला कोणाचंच तोंड लागलेलं नाही. तेवढं खरं सांगून विका.”

त्याच संध्याकाळी ताईने माझं टोपण वाचलं. बराच वेळ वाचत होती. मग नवऱ्याला म्हणाली, “माझा चौकटींचा कागद आणा आणि दिवा जरा इकडे करा.” नवरा असा धावला, की एक चप्पल मागेच राहिली.

तिसऱ्याच शब्दाला ताई अडली. तिने मला तोंडात घातलं. पण आता कवळी. सगळे दात अख्खे, जुन्या खुणांत बसेनात. तिने कवळी काढून वाटीत ठेवली आणि नुसत्या हिरड्यांनी मला चघळायला लागली. शी.

तर मित्रांनो, टेबल विकण्याआधी खण बघत जा. कोणी कोणासाठी कोरलेलं घासू नका. आणि पेन चावू नका. माझ्या कपाळावर हे दोनदा कोरलंय, पण जिच्यासाठी कोरलं तिने एकदाही ऐकलं नाही.

ऐकलं असतं, तर आज मी न्यायमूर्तींचा असतो.