ड्रममधली मंडळी

बायको गेल्यावर घरातल्या वस्तूंचं काय करायचं हे सांगणारे पुष्कळ भेटले. कपाट तिच्या बहिणीने आवरलं. उरलेली औषधं दवाखान्याने परत घेतली. चष्मा लेकीने नेला. बाल्कनीतल्या ड्रमबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही, म्हणून तो माझ्याकडे राहिला.

साधा निळा प्लॅस्टिकचा ड्रम, कमरेएवढा. त्याला हवा जायला भोकं मीच पाडून दिली होती. माझं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळे भोकं एका ओळीत आहेत. त्यापलीकडे त्या ड्रमशी माझा संबंध नव्हता. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं आणि कुंड्यांमधली वाळकी पानं ती त्यात टाकायची. आत लाल गांडुळं होती. काही महिन्यांनी तळाशी काळं, भुसभुशीत खत तयार व्हायचं. दुकानात पिशवीवर ह्यूमस लिहून विकतात, तेच. जिन्यातल्या सगळ्या घरांच्या कुंड्या तिच्या खतावर वाढल्या. कुणी रिकामा डबा घेऊन आलं की ती भरून द्यायची आणि बजावायची, तीन भाग माती, एक भाग खत, आणि हात जरा आखडता ठेवा.

गांडुळांना ती मंडळी म्हणायची. मला वाढून झालं की म्हणे, मंडळींचं टाकून येते. मी म्हणायचो, या घरात नवऱ्यापेक्षा गांडुळांचा मान मोठा आहे. ती म्हणायची, ती मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करत नाहीत.

ती गेली आणि स्वयंपाकघर बंद पडलं. मला चहापलीकडे काही येत नव्हतं. कोपऱ्यावरच्या खानावळीतून डबा सुरू केला. खानावळवाले मामा भले माणूस, भाजी भरपूर घालायचे. मला मात्र घास उतरत नव्हता. अर्ध्याहून जास्त डबा उरायचा. तो मी ड्रममध्ये टाकायचो.

मला त्यात बरंच वाटायचं. घरातलं सगळं जिथल्या तिथे थांबलं होतं. तिची खुर्ची, तिची चप्पल, तिची बियांची पाकिटं. ड्रममध्ये मात्र तिने सुरू केलेलं काम अजून चालू होतं. ते आपल्या हातून बंद पडू द्यायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. म्हणून मंडळींना भरभरून वाढत होतो. तेलाची तर्री, भात, रस्सा, सगळं. माझ्यापेक्षा ती चांगली जेवत आहेत असं मी समजत होतो.

मग वास यायला लागला. आधी मला वाटलं गटार तुंबलंय. शेजारणीने खिडकी लावून घेतली. एक दिवस इमारतीचे सेक्रेटरी आले. दारात उभे राहून त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग हवेची, मग पाण्याच्या टाकीची. शेवटी म्हणाले, तक्रारी आल्यात, रविवारपर्यंत ड्रमचं काहीतरी करा. रागावले नाहीत. माणसाच्या दुःखाचा मान ठेवून नाकावर रुमाल न धरता ते बोलले, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे, कारण वास खरोखर भयंकर होता.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, टाकून द्या ना, मी खताची चांगली पिशवी आणून देते. तिचं चुकलं नव्हतं. खत पिशवीत मिळतंच. मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन झाकण उघडलं.

गांडुळं झाकणाला चिकटली होती. भोकांमधून अर्धी बाहेर लोंबत होती, काही खाली फरशीवर पडून वाळली होती. त्यांना तिथून पळायचं होतं. मी एकेक उचलून परत आत टाकत होतो आणि ती परत वर चढत होती. मला काही सुचेना. तसाच खाली गेलो आणि टेलरबाईंचं दार वाजवलं.

टेलरबाई म्हणजे तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या. बायकोची पक्की मैत्रीण. वरच्या खताचा सगळ्यात मोठा डबा त्यांचाच असायचा. त्यांच्या खिडकीतलं मनीप्लांट मशीनला वळसा घालून दारापर्यंत आलंय. त्या गळ्यात टेप आणि कॉलरला टाचण्या तशाच ठेवून वर आल्या, ड्रममध्ये डोकावल्या आणि मागे सरकल्या.

"भाऊजी, हे काय घातलंत?"

मी सांगितलं, जेवण. डब्यातलं.

"तेल? मीठ? शिजवलेलं?" त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, सासरची माणसंसुद्धा एवढा छळ करत नाहीत. ताईंनी कधी शिजवलेलं घातलं नाही यात."

"मग ती काय घालायची?"

मला ते माहीत होतं. इतकी वर्षं बघत होतो. तरी विचारलं.

"तुम्ही जे जेवायचात ना, त्याची सालं," त्या म्हणाल्या. मग स्वयंपाकघराकडे बघून हळू म्हणाल्या, "आता या घरात सालं येणार कुठून?"

मी बाल्कनीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हा त्यांचा मोठेपणा. म्हणाल्या, जुने पेपर आणा आणि बाह्या वर करा.

फरशीवर पेपर पसरून आम्ही ड्रम पालथा केला. वरचा थर नुसता आंबलेला चिखल होता. तो बाजूला काढला. खाली, अगदी तळाशी, थोडं जुनं खत होतं, काळं आणि भुसभुशीत, आणि उरलेली गांडुळं तिथे गोळा होऊन बसली होती. ते बादलीत काढलं. टेलरबाई हाताने वेचत होत्या आणि माझ्या बायकोच्या नावाने मला टोमणे मारत होत्या. ताईंनी तुम्हाला भोकं पाडायला ठेवलं होतं तेच बरोबर होतं म्हणे. मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, त्यामुळे त्याचा आवाज मलाच वेगळा वाटला.

मागच्या गल्लीतल्या सुताराकडून मी लाकडाचा भुसा मागून आणला. टेलरबाईंनी अंड्यांचे पुठ्ठे फाडून दिले. धुतलेल्या ड्रममध्ये भुसा, पुठ्ठा, मग बादलीतलं सगळं, असं पुन्हा भरलं. आंबलेला चिखल इमारतीमागच्या मोकळ्या जागेत खड्डा करून पुरला. सेक्रेटरी वरून बघत होते, पण खाली आले नाहीत.

जाताना बाई म्हणाल्या, माझ्या घरची सालं रोज देईन मी, मंडळी जगतील. मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "पण भाऊजी, माझ्या सालांवर तुमचं पोट भरणार नाही. त्याचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला गेलो. भाजीवालीने मला ओळखलं. काय देऊ म्हणाली. मी म्हटलं, ज्याची सालं जास्त निघतात ते द्या. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दुधी, बटाटे, गाजरं तोलली. वर फ्लॉवरचा पाला फुकट दिला.

पहिले काही दिवस जे शिजलं त्याला भाजी म्हणणं धाडसाचं होतं. कांदा जळायचा, बटाटा कच्चा राहायचा. पण चिरताना हात कामाला लागायचे, आणि चिरलं की टोपली घेऊन बाल्कनीत जायला कारण मिळायचं. मंडळी खाली भुशात शिरलेली दिसायची. वर चढायची थांबली होती. टोपली रिकामी करून आत यायचो तेव्हा भूक लागलेली असायची. इतकी साधी गोष्ट, पण ती मला कुणाच्या समजावण्याने जमली नव्हती.

लेक आली तेव्हा मी बटाटे सोलत होतो. तिने सालांचा ढीग बघितला, हातातला बटाटा बघितला आणि म्हणाली, "बाबा, यातला बटाटा कुठे गेला?" मी म्हटलं, तिकडे खाणारी जास्त आहेत. ती बाल्कनीत गेली, झाकण उघडून बराच वेळ वाकून बसली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. पिशवीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. त्या दिवशी आम्ही दोघं माझ्या हातचं जेवलो. तिने मीठ वरून घेतलं, तोंड वाकडं न करता.

खानावळीचा डबा बंद केला. मामा म्हणाले, काही चुकलं का आमचं? मी म्हटलं, तुमचं जेवण चांगलंच होतं, माझ्या घरच्यांना सोसलं नाही. ते बुचकळ्यात पडले, कारण मी एकटा राहतो हे त्यांना माहीत होतं. पण हसले आणि हात हातात घेतला.

थंडी संपत आली तेव्हा तळाशी खत तयार झालेलं दिसलं. काळं होतं. मी ते चाळणीने चाळलं, एका स्वच्छ डब्यात भरलं आणि सगळ्यात आधी टेलरबाईंकडे घेऊन गेलो. मनात थोडी ऐट होती. त्यांनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"कच्चं आहे," त्या म्हणाल्या. "हे घातलंत तर मुळं जळतील. अजून दोन-तीन आठवडे झाकून ठेवा."

माझा चेहरा पडला असणार. काम फसलं असं वाटलं. तिच्या हातचं होतं ते माझ्या हातून पुन्हा उतरणार नाही, असं वाटलं.

त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, "ताईंनी पहिल्यांदा खत आणलं तेही असंच कच्चं होतं. माझी दोन रोपं गेली. आठवडाभर या जिन्यातून जाताना माझ्याकडे बघत नव्हत्या, एवढ्या लाजल्या होत्या. मग एक दिवस नवीन रोप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे मेलं तर मी खताचा नाद सोडते."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या आठवणीत तिचं खत पहिल्यापासून चांगलंच निघत होतं. एवढ्या वर्षांत ती हे मला बोलली नाही. लाज वाटली असेल, किंवा मी हसेन असं वाटलं असेल, आणि मी हसलोच असतो. ती गेल्यापासून मी जे तिच्याबद्दल आठवत होतो ते सगळं मला आधीच ठाऊक असलेलं होतं. हे पहिलंच नवीन होतं.

मी डब्याचं झाकण लावलं. टेलरबाईंना म्हटलं, कपडे राहू द्या जरा बाजूला, वर चला, चहा ठेवतो. ते रोप कुठलं होतं, ती आणखी काय काय म्हणाली, सगळं मला पहिल्यापासून सांगा.