गवत पिवळं का पडतं

लोक सर्चच्या चौकटीत काय काय लिहितात हे ज्याने रोज बघितलंय, त्याला माणसांबद्दल फारसे गैरसमज उरत नाहीत. धाकटीचं पोटच त्यावर होतं. ती एका एजन्सीत कीवर्ड शोधायची. म्हणजे असं, की एखाद्याचा धंदा गवत कापायचा, तण काढायचा, हिरवळीची निगा राखायचा असला, तर त्याचं गिऱ्हाईक घरी बसून नेमक्या कुठल्या शब्दांत मदत मागतं ते हुडकून काढायचं. धंदेवाला ऐटीत म्हणतो ‘लॉन मेंटेनन्स’. गिऱ्हाईक बिचारं लिहितं, ‘अंगणातलं गवत मेलं का’. या दोघांची गाठ घालून द्यायचा पगार धाकटीला मिळायचा, आणि त्या कामात तिचा हात धरणारं त्या ऑफिसात कुणी नव्हतं.

ऑफिस तरी कसलं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक लांबट खोली, न उघडणारी खिडकी, आणि दिवसभर खालून येणारी कानस घासल्याची कुरकुर. साहेबांना सगळे पाठीमागे आकडेबुवा म्हणत, कारण नमस्कार केला तरी ते उत्तर टक्क्यांत द्यायचे. माणूस वाईट नव्हता. धाकटी कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तिला एक युक्ती शिकवली होती. प्रत्येक शब्दापुढे, सर्चमध्ये सध्या वर कोण बसलंय त्याचं नाव येतं आणि त्याच्या वेबसाइटची ताकद शंभरात किती तो आकडा येतो. ‘नावांचा रकाना झाकून टाक,’ आकडेबुवा म्हणाले होते. ‘नावं वाचत बसलीस तर डोक्याला ताप होतो आणि कामही रेंगाळतं. आकडा बघायचा. वरचा कच्चा असला की तो शब्द आपला. हिरवा रंग द्यायचा आणि पुढे सरकायचं.’ तेव्हापासून तिने तो रकाना कधी उघडला नाही. तिला ते सोयीचंच वाटायचं.

आता दादाचं ऐका. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. आधी तो खेळाच्या मैदानावर माळी होता, मग एक जुनी व्हॅन आणि गवत कापायचं मशीन घेऊन त्याने स्वतःचं काम सुरू केलं. गडी एकटा, पण कामाला वाघ. वडील लवकर गेले, त्यामुळे धाकटीला शिकवलं ते त्यानेच, आणि ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. वहिनी दाखवायची अधूनमधून, तेही थट्टेत.

दादाची वेबसाइट धाकटीनेच करून दिली होती, एका दुपारी बसल्या बैठकीला. एकच पान. तो स्टुलावर बसून सांगत होता, ती टाइप करत होती. गवताचा विषय निघाला की दादाचं तोंड थांबत नाही. त्यात गवत पिवळं का पडतं यावर तर त्याने केवढं मोठं चऱ्हाट लावलं. पात्याला धार नसली की गवत कापलं जात नाही, फाटतं. फाटलेलं टोक वाळतं आणि पिवळं दिसतं. घाबरू नका, मुळं जिवंत आहेत, पाणी सकाळी द्या, आणि गवत कापणाऱ्याला आधी पातं दाखवायला सांगा. ‘दादा, एवढं कोण वाचतंय,’ असं म्हणून ती ते कापणार होती. पण कंटाळा आला आणि तसंच राहिलं.

आणि काय नवल, फोन यायला लागले. अगदी रोज नाही, पण घर चालेल इतके. दादालाच कळेना ही माणसं येतात कुठून. धाकटी भेटली की तो विचारायचा, ‘अगं, ही मंडळी काय शोधत माझ्यापर्यंत येतात ते एकदा बघ की. तुझंच काम ना ते?’ ती म्हणायची, ‘बघते रे, या रविवारी नक्की.’ तो रविवार काही उगवला नाही. दिवसभर परक्यांच्या गवतात डोकं घातल्यावर सुट्टीच्या दिवशी पुन्हा गवत नको वाटायचं तिला. घरचं काम, केव्हाही होईल, असं धरून चाललं होतं.

मग एजन्सीकडे एक मोठी कंपनी आली. ओळीने उभ्या व्हॅन, सगळ्यांना एकसारखे शर्ट, फोन घ्यायला वेगळी मुलगी. त्यांना धाकटीच्या शहरातला झाडून सगळा भाग हवा होता. धाकटी झपाटल्यासारखी कामाला लागली. कुत्र्यामुळे जळलेलं गवत, उतारावरचं गवत, शेवाळ, भाडेकरू गेल्यावर माजलेलं रान, एकूण एक शब्द तिने उकरून काढले. ‘आई थकली, आता बाग कोण बघणार’ हेसुद्धा. त्यातच होता ‘गवत पिवळं का पडतं’. शोधणारे भरपूर आणि वर बसलेला अगदीच कच्चा, शंभरात चार. असं सोनं रोज सापडत नाही. धाकटीने त्याला हिरवा रंग दिला, आणि वर शेरा मारला, ‘हे आधी घ्या.’ लिहिणाऱ्यांनी पानं लिहिली, फोटो लागले, चकाचक काम झालं. आकडेबुवांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. तिलाही बरं वाटलं. का वाटू नये?

उन्हं तापली, गवताचा हंगाम भरात आला, आणि दादाचा फोन मुका झाला.

धाकटी जेवायला गेली तेव्हा फोन टेबलावर मधोमध ठेवलेला, आणि दादा, वहिनी, ती असे तिघं त्याच्याभोवती. ‘राँग नंबरसुद्धा येत नाही,’ वहिनी म्हणाली. ‘काल बँकवाल्या बाईचा आला, तर हे तिच्याशी इतकं गोड बोलले की तीच गोंधळली.’ दादा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. दाढी वाढली होती. व्हॅन धुवून पुसून दारात उभी होती आणि तिला जायला कुठे नव्हतं.

‘तुला सवड झाली का गं आता?’ त्याने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच विचारायचं होतं.

तिथेच ताट सरकवून तिने लॅपटॉप उघडला. इतके दिवस टाळलेलं काम हातासरशी झालं, हेच तिच्या जिवाला लागलं. दादाकडे येणारं जवळजवळ सगळं गिऱ्हाईक एकाच वाटेने आलेलं होतं. ‘गवत पिवळं का पडतं.’ तिने तो शब्द सर्चमध्ये टाकला. वर कंपनी. खाली कंपनीचंच दुसरं पान. दादा पहिल्या पानावरून पार उडाला होता, आणि दुसऱ्या पानावर कोण मरायला जातंय?

हा शब्द तिचाच होता, तो शेराही तिचाच.

‘काय झालं?’ वहिनीने विचारलं.

‘काही नाही. नीट बघायला लागेल,’ धाकटी म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने कंपनीच्या त्या यादीतला झाकलेला रकाना उघडला. दादाच होता. त्या एका शब्दापुढे होता, त्याच्या आजूबाजूच्या पाच-सहा शब्दांपुढेही होता, आणि प्रत्येक ठिकाणी शंभरात चार. तिने स्वतःच्या हाताने त्याला वेचून वेचून बाहेर काढलं होतं. तिला तिथल्या तिथे रडू फुटलं असतं, पण पलीकडच्या टेबलावरचा माणूस डबा उघडत होता.

ती आकडेबुवांकडे गेली. ‘सर, ते पिवळ्या गवताचं पान काढता येईल?’

‘सगळ्यात चांगलं चाललेलं पान? का?’

तिने सांगितलं. आकडेबुवांनी तिची यादी उघडून तो आकडा पुन्हा बघितला.

‘काढलं तरी ती जागा तुझ्या भावाला मिळेल असं नाही,’ ते म्हणाले. ‘आपण ती दाखवून दिलीय ना सगळ्यांना. या धंद्यातले दुसरे दोघे टपलेलेच आहेत. आणि या भागात दुसऱ्या कुणाचं काम घेणार नाही असं कंपनीला लिहून दिलंय आपण. तू घरी बसून त्याच्यासाठी एखादा वेगळा शब्द शोध. मला काही माहीत नाही, मी काही ऐकलं नाही.’

एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला, त्यांना दोष कसा द्यायचा. धाकटी घरी शोधत बसली. ऑफिसातून आली की चहासुद्धा न घेता बसायची. शेवाळ टाकून बघितलं, वर कंपनी. उतार, कंपनी. कुत्रा, कंपनी. म्हाताऱ्या आईची बाग, तिथेही कंपनीचं पान, आणि खाली कुणा बाईचा अभिप्राय, की हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जिथे म्हणून एखादी फट असायला हवी होती तिथे धाकटी आधीच येऊन गेली होती. जरा आळस केला असता, दहा-वीस शब्द सुटले असते, तर आज दादासाठी काहीतरी उरलं असतं. पण अर्धवट काम तिला कधी जमलंच नव्हतं. दादानेच ती सवय लावली होती.

शेवटी ती त्याच्याकडे गेली. तो शेडमध्ये होता, मशीन उलटं करून त्याचं खालचं अंग पुसत होता. धाकटीने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काही वगळलं नाही, रविवारसुद्धा नाही.

दादा पुसत राहिला. मग म्हणाला, ‘पण मी दिसलो कसा नाही तुला?’

‘नावं झाकलेली असतात. फक्त आकडा दिसतो.’

‘मग मी किती होतो?’

फडकं हातात धरून तो थांबला होता.

‘चार. शंभरात.’

‘चार,’ दादा म्हणाला. त्याने फडकं झटकलं आणि घडी करून ठेवलं. ‘मला वाटलं होतं, जरा बरा असेन.’

‘दादा, तो आकडा तुझ्या कामाचा नाही रे. तो नुसता वेबसाइटचा...’

‘कळलं गं मला.’

‘शिव्या तरी दे मला.’

‘तुला कशाला देऊ? तू मुद्दाम केलंस का?’ तो मशीनच्या बाजूला जमिनीवर बसला. एकदम थकल्यासारखा दिसला. ‘बाकी काय करता येईल ते बघितलंस?’

‘सगळं बघितलं. काही उरलं नाहीये.’

त्याने मान हलवली. धाकटी काही नाही म्हणाली म्हणजे नाही, यावर त्याचा पूर्ण भरवसा होता, आणि धाकटीला तो भरवसाच नकोसा झाला होता.

पुढच्या आठवड्यात त्यानेच तिला बोलावून घेतलं. तीच कंपनी माणसं भरत होती. दादा जाऊन भेटून आला होता, त्यांनी लगेच घेतला. ‘मैदानावरचा माणूस म्हटल्यावर खूश झाले,’ वहिनी म्हणाली आणि आत निघून गेली. एकसारखा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. मशीन तिथे त्यांचंच मिळतं, व्हॅनही त्यांचीच.

‘तेव्हा आपलं मशीन विकून टाकू,’ दादा म्हणाला. ‘शेडमध्ये पडून गंजायचं. जाहिरात टाकायचीय. जुनं मशीन घेणारे काय लिहून शोधतात गं?’

तो सरळच विचारत होता. तिला नाही म्हणता आलं असतं, मी हे करणार नाही म्हणता आलं असतं. पण या खेपेला दादाने मागितलेलं काम तिला त्याच दिवशी करून देता येण्यासारखं होतं. ती बसली. लोक ‘सेकंडहँड’ लिहितात, ‘चालू स्थितीत’ लिहितात, ‘एकाच मालकाचं’ असं दिसलं की लगेच उघडतात, हे तिने शोधलं. धंद्याचा शब्द एकही ठेवला नाही. तीन ओळींची जाहिरात केली, एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही अशी.

दुपार कलायच्या आत एक माणूस गाडी घेऊन दारात आला. त्याने मशीन चालू करून बघितलं, घासाघीससुद्धा केली नाही. दादाने एका बाजूने धरलं, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि मशीन गाडीत चढलं. दादाने दोर दोनदा ओढून बघितला, रस्त्यात सुटायला नको म्हणून.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. दादा हात पुसत फाटकाशी आला, धाकटीच्या डोक्यावर टपली मारली.

‘इतक्या लवकर जाईल असं वाटलं नव्हतं,’ तो म्हणाला. ‘तुझ्या हाताला यश आहे गं.’

तो कौतुकाने म्हणाला होता. मग तो शर्टाची बाही लांब पडते का ते बघायला आत गेला.