हमालखात्यातली लवंगी

लवंगी लढाऊ विमानाच्या परीक्षेत नापास झाली ती डोक्यानं नव्हे, पायांनी. तिच्या तुकडीत उड्डाणात ती पहिली होती आणि लेखी परीक्षेतही पहिली होती. पण मापाच्या खोलीत तिला भिंतीला टेकवून बसवलं, पाय सरळ करायला लावले, आणि पट्टी धरणारा माणूस म्हणाला, "बोटभर कमी."

"पुन्हा मोजा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा मोजलं. पाय काही रबराचे नव्हते. त्या जुन्या लढाऊ विमानाचं पेडल जिथं असायचं तिथंच असायचं. ज्याचा पाय तिथवर पोचेल तो वैमानिक, बाकीच्यांनी जमिनीवरून हात हलवायचे.

मुख्य प्रशिक्षक दारात उभे होते. त्यांना सगळा तळ पाठीमागे मास्तर म्हणायचा आणि समोर सर. ते म्हणाले, "पोरी, विमान आपल्या मापाचं शिवून मिळत नाही. आपणच विमानाच्या मापाचं असावं लागतं." बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

लवंगी हे नाव आईनं ठेवलेलं. अंगानं एवढीशी आणि जिभेनं तिखट, म्हणून. कागदावर दुसरं भारदस्त नाव होतं, पण ते कागदावरच राहिलं. त्या दिवशी मात्र लवंगीनं नुसते बूट चढवले आणि बाहेर पडली.

तिची रवानगी मालवाहू विमानांकडे झाली. लढाऊवाले त्या विभागाला हमालखातं म्हणायचे. "काय गं, आज किती पोती?" असं कँटीनमध्ये कुणीतरी विचारायचंच. पोती असायचीच. तंबू असायचे, औषधांची खोकी असायची, एकदा तर सीमेवरच्या चौकीसाठी जिवंत खेचर नेलं होतं आणि त्यानं वाटेत तिच्या जॅकेटची बाही खाल्ली होती. डोंगरांच्या खोबणीत, ढगांच्या पोटात, पावसाच्या तोंडावर विमान न्यायचं आणि आणायचं. तिचा पहिला कॅप्टन एक टक्कल पडलेला, शांत माणूस होता. त्याचं एकच सांगणं असायचं: "मागच्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळला नाही पाहिजे. जमलं तर तू वैमानिक, नाहीतर तू आणि ते खेचर सारखेच."

पहिलं वर्ष तिनं रडतखडत काढलं. मग हळूहळू हात बसला आणि हात बसला तसा जीवही बसला. तरी डोक्यावरून लढाऊ विमानांची जोडी गेली की तिची मान आपोआप वर व्हायची. सवतीच्या घराकडे पाहू नये म्हटलं तरी नजर जातेच.

आणि मग नवी विमानं आली.

सगळा तळ त्या सकाळी हँगरांच्या गच्च्यांवर चढला होता. आचारी झारा हातात घेऊनच आला होता. क्षितिजावर आधी चार ठिपके दिसले. आवाज आलाच नाही. ठिपक्यांची विमानं झाली, विमानं डोक्यावरून निघून गेली, आणि मग आवाज आला. छातीच्या पिंजऱ्यात कुणी ढोल बडवावा तसा. राखाडी रंग, चपटं अंग, टोकदार नाक. कोण म्हणालं शार्कसारखं दिसतं, कोण म्हणालं इस्त्रीसारखं. लवंगी विमानं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

खरी बातमी दुपारी आली. या विमानात बैठक वरखाली होते, आणि पेडल मागेपुढे सरकतं. मापाचे जुने नियम मोडीत निघाले. पहिल्या तुकडीसाठी कुठल्याही विभागातल्या वैमानिकाला अर्ज करता येणार होता. हमालखात्यालाही. लवंगीनं हातातला चहा तसाच टाकला आणि पळत सुटली.

या वेळी मोजमाप पट्टीनं नव्हतं. तिला थेट कॉकपिटमध्ये बसवलं. तंत्रज्ञानं कळ दाबली. पेडल गुरगुरत पुढे सरकत आलं आणि तिच्या बुटांच्या तळव्यांना टेकलं. "दाबा," तो म्हणाला. तिनं पाय शेवटापर्यंत दाबला. "ठीक," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारू लागला. एवढंच. ज्यासाठी तिनं इतक्या रात्री उशीत तोंड खुपसलं होतं, ते एका कळीत सुटलं. खाली उतरताना तिला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर गरगरतं यंत्र. लांब दांड्याच्या टोकाला माणसाला बसवून असं फिरवतात, की स्वतःचं अंग हत्तीएवढं जड होतं आणि रक्त डोक्यातून पायाकडे पळतं. भलेभले उंचेपुरे गडी त्यातून पांढरेफटक होऊन बाहेर आले. एकाची शुद्धच गेली. लवंगी बाहेर आली ती घामेजलेली, पण डोळे टक्क उघडे.

डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी धरली आणि हसल्या. "तुझं हृदय डोक्याच्या जवळ आहे. रक्ताला फार चढ चढावा लागत नाही."

"म्हणजे बुटकेपणा कामी आला म्हणायचा."

"इथं तरी आला."

संध्याकाळी तिनं आईला फोन केला. आई गावात मोटार चालवायला शिकवायची. निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलं होतं. लेकीची निवड झाली म्हटल्यावर आई आधी ओरडली, मग शेजारणीला हाक मारून सांगितलं, मग चौकशीवर आली.

"शिकवणारा मागं बसतो ना गं?"

"नाही आई. या विमानात मागची सीटच नाही."

"मग शेजारी?"

"शेजारीही नाही. आधी खोट्या कॉकपिटमध्ये शिकायचं, आणि पहिल्यांदा उडायचं तेच एकटीनं."

मग आई म्हणाली, "म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखाली ब्रेकच नाही? असलं वाहन कुणी बनवलं? माझ्यासमोर आणा त्याला."

लवंगी हसली आणि तिनं फोन ठेवला.

आईची काळजी उगाच नव्हती. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे त्या खोट्या कॉकपिटमध्ये, तिची पार दैना उडाली. मालवाहू विमानाचं सुकाणू दोन्ही हातांनी ओढायचं असतं. इथं मनगटाएवढी दांडी, आणि ती हलतही नाही. नुसता दाब ओळखते. लवंगीनं सवयीनं जोर लावला की पडद्यावरचं विमान कोलांटी मारायचं. त्यात हेल्मेटच्या काचेवर वेग, उंची, शत्रू, मित्र, इंधन, सगळं एकदम नाचत असायचं. आठवडाभरात तिनं खोट्या विमानाची खरी राख केली.

"तू विमान उडवत नाहीस," मास्तर मागून म्हणाले, "कणीक मळतेस. पुढच्या आठवड्यात हेच राहिलं तर परत पोत्यांकडे."

तुकडीत सगळ्यात लहान होता बटण्या. नुकताच अकादमीतून आलेला, ओठांवर मिशीची नुसती अफवा. त्याची बोटं बटणांवर अशी फिरायची, की जणू पाळण्यातच त्याला खेळायला कॉकपिट दिलं होतं. वयानं आणि हुद्द्यानं धाकट्यासमोर हात पसरणं लवंगीच्या जिवावर आलं होतं. दोन दिवस तिनं ते टाळलं. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या टेबलावर जाऊन बसली.

"मला शिकव."

बटण्या खाता खाता थांबला. "मी? ताई, मस्करी करताय का?"

"मस्करी करायची ऐपत राहिलेली नाही माझी."

त्यानं चमचा खाली ठेवला. "मग मलाही एक शिकवाल? सिम्युलेटरमध्ये ढग आला की मला काही वाटत नाही. खऱ्या ढगात शिरलो ना, की विमान उलटं झालंय असंच वाटतं. कुणाला सांगितलं नाही अजून."

सौदा ठरला. तो तिला दांडीवर दोन बोटं ठेवायला लावायचा आणि काचेवरच्या आकड्यांतलं आत्ता कुठलं पाहायचं आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा ते सांगायचा. ती त्याला ढगातलं शहाणपण सांगायची: अंग काय सांगतंय ते ऐकायचं नाही, अंग खोटं बोलतं, आपण यंत्रांवर डोळे ठेवायचे आणि श्वास मोजायचा. आठवडा संपला तेव्हा मास्तर तिच्या मागे उभे राहिले, शेवटपर्यंत पाहत राहिले, आणि काही न बोलता निघून गेले. मास्तरांच्या भाषेत ती शाबासकी होती.

पहिल्या उड्डाणाचा दिवस उजाडला. नियम असा होता, की नवखा नव्या विमानात एकटा, आणि मास्तर आपल्या जुन्या विमानातून त्याच्या बाजूनं उडत नजर ठेवणार, रेडिओवरून सूचना देणार. लवंगीनं धावपट्टीच्या टोकाला विमान उभं केलं, श्वास घेतला आणि वेग दिला. पाठीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. कानात वारं शिरलेल्या वासरासारखं विमान उधळलं, आणि ढग, तळ, हँगर सगळं खाली गळून पडलं.

वर ऊन होतं, निळाई होती आणि कुणीच नव्हतं. ती मोठ्यानं किंचाळली.

"रेडिओ चालू आहे," मास्तरांचा आवाज आला.

"माफ करा, सर."

"माफी कसली. मीही ओरडलो होतो."

वळणं झाली, चढ-उतार झाले. परत फिरायची वेळ झाली तेव्हा खालून टॉवरनं सांगितलं, की डोंगराकडून ढग उतरलेत आणि धावपट्टी झाकली जातेय. लवंगीला त्यात विशेष वाटलं नाही. ढग तिच्या ओळखीचे होते. ती मास्तरांच्या सूचनेची वाट पाहत राहिली. सूचना आलीच नाही.

मग जुनं विमान सरकत सरकत तिच्या पंखाजवळ आलं. काचेआड मास्तर दिसले. त्यांनी हेल्मेटवर कानाच्या जागी थाप मारली, तोंडाच्या जागी थाप मारली, समोरच्या यंत्रांकडे बोट दाखवून हात आडवा फिरवला, आणि मग पंजा सपाट करून खाली दाबला.

लवंगीला खूण कळली. जुन्या विमानातली सगळी वीज गेली होती. रेडिओ मुका, यंत्रं आंधळी. असल्या विमानानं एकट्यानं ढगात शिरणं म्हणजे डोळे बांधून जिना उतरणं. दुसऱ्या तळावर ऊन होतं, पण तिथवर पोचण्याइतकं इंधन जुन्या विमानात उरलं नव्हतं. मास्तर तिला म्हणत होते: मला खाली ने.

तिनं मान हलवली आणि टॉवरला सांगितलं, "माझ्यासोबत एक मुकं विमान आहे. मी त्याला धावपट्टीपर्यंत आणते. धावपट्टी त्याची. मी पुन्हा वर जाईन."

"तुमचं हे पहिलंच उड्डाण आहे ना?" टॉवरवाल्यानं विचारलं.

"हो. वारा किती आहे ते सांगा."

आता काय करायचं ते तिला ठाऊक होतं. ढगात शिरल्यावर मास्तरांना जगात एकच गोष्ट दिसणार होती, तिच्या पंखाचं टोक. ते टोक हिसका देऊन हललं तर एकतर दोघं आपटणार, नाहीतर ते कायमचे हरवणार. इथं वेग नको होता, कसरत नको होती. नवं विमान पळायला बघत होतं. तिनं दोन बोटांनी त्याला आवरलं, जुन्याला झेपेल एवढ्याच चालीवर आणलं, आणि नाक अलगद खाली केलं.

पांढरं. सगळीकडे पांढरं. हेल्मेटच्या काचेवर मात्र ढगापलीकडची धावपट्टी हिरव्या रेघांनी आखलेली दिसत होती. वळण घ्यायचं तर तिनं ते गावाला वळसा घालावा एवढं मोठं घेतलं. मधेच धक्का बसला, तिचा खांदा आखडला, आणि तिनं मुद्दाम श्वास सोडून बोटं सैल केली. डावीकडे पाहिलं. जुनं विमान जागेवर होतं, तिच्या पंखाला शिवून ठेवल्यासारखं.

ढग फाटला. समोर ओली, काळीभोर धावपट्टी. तिनं हातानं तिकडे दाखवलं. मास्तरांनी मान वळवली, पाहिलं, आणि एक हात कपाळाला लावला. मग त्यांचं विमान बाजूला सरलं आणि जमिनीला टेकलं.

लवंगीनं पूर्ण वेग दिला आणि पुन्हा ढगात घुसली. या खेपेला पंखाजवळ कुणी नव्हतं. ती पुन्हा तोच मोठा वळसा घालून आली आणि चाकं टेकवली ती इतकी हळू, की टॉवरवाल्यानं विचारलं, "उतरलात का?"

विमान थांबलं तेव्हा सगळं हमालखातं पळत आलं होतं. टकला कॅप्टन सगळ्यांत पुढे होता. बटण्यानं ती शिडीवर असतानाच पाण्याची बादली तिच्यावर रिकामी केली. पहिल्या उड्डाणाची ती रीतच होती. गर्दी बाजूला झाली आणि मास्तर समोर आले, हेल्मेट काखेत, केस घामानं चिकटलेले.

"मी तुम्हा लोकांना हमाल म्हणायचो," ते म्हणाले.

"अजूनही म्हणा, सर. माल सुखरूप पोचवलाय." ती निथळत म्हणाली. "जरा जड होता, एवढंच."

मास्तर असे हसले, की आजवर तसे हसताना त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी टाचा जोडून तिला सलाम ठोकला, आणि तो खाली येऊ दिलाच नाही, ती परत सलाम करेपर्यंत.

तिनं ओल्या कपड्यांतच आईला फोन लावला. आई तेव्हा एका धास्तावलेल्या, पोक्त बँकवाल्या गृहस्थांना गाडी शिकवत होती. बातमी ऐकताच तिनं गाडी कडेला घ्यायला लावली आणि रडायला लागली. गृहस्थ घाबरले, "बाई, घरी काही वाईट झालं का?" म्हणाले.

"वाईट? अहो, माझ्या लेकीनं आपल्या मास्तरला ढगातून हाताला धरून खाली आणलं! चला, माझ्या बहिणीकडे घ्या गाडी."

बहिणीकडून भावाकडे, भावाकडून नवऱ्याच्या दुकानात, तिथून जुन्या शाळेच्या बाईंकडे. प्रत्येक दारात गोष्ट पहिल्यापासून, आणि प्रत्येक वेळी ढग थोडा अधिक काळा. गृहस्थ बिचारे चढ चढले, अरुंद बोळ ओलांडले, भर बाजारातून मागे घेऊन वळले. संध्याकाळ झाली तेव्हा त्यांना गाडी चालवता येत होती.