ताणावरचं झाड

पौषात शोभाताईंनी गच्चीवरच्या ड्रममधल्या संत्र्याचं पाणी तोडलं, तेव्हा सुनेला वाटलं, सासूबाईंचं डोकं फिरलं. काटोलकडच्या बाईला यात कसलं नवल? संत्र्याला ताण द्यायचा, पानं मलूल पडू द्यायची आणि मग पाणी सोडायचं. झाड फुलांनी लदबदतं. पण मयुरी कामठीच्या विणकरांची लेक. तिला सूत कळे, झाड कुठून कळणार?

आणि शोभाताईंना ते फूल हवंच होतं. शेजारच्या देशानं आयातीवर कर वाढवला, इथला रसाचा कारखाना भाषणातच राहिला आणि काटोलची फळं रस्त्याकडेला सडली. शेवटी त्यांच्या नवऱ्यानं, नत्थूजींनी, बाग तोडली. ‘आपणबी ताणच सोसला, पण पाणी सोडाले कोणी आलं नाही,’ एवढंच म्हणाले. दोघांनी नागपुरात मुलाकडे, पंकजकडे, जायचं ठरलं होतं. ऐन वेळी म्हातारा उघड्या वावरात अडून बसला. शोभाताईंनी सोबत घेतलेलं एकुलतं कलम बघून म्हणाला, शहरात याले फूल आलं, त येईन.

आता माणसाचं येणं असं झाडाला टांगून ठेवतात का? पण शोभाताई रोज संध्याकाळी ड्रमपाशी बसत. त्यांना नवऱ्याची फार आठवण येई. चहा अजून दोघांचाच टाकला जाई.

माघ सरला. पानं हिरवीगार, फुलाचा पत्ता नाही. एका सकाळी मयुरी गच्चीवर लोट्यासह सापडली. झाड सुकताना बघवेना, म्हणून रोज चोरून पाणी घालत होती. शोभाताईंना रागवायचं होतं, पण रडूच आलं. कुणाची तहान न बघवणाऱ्या पोरीला बोलणार तरी काय?

त्यांनी नत्थूजींना फोन करून सगळं सांगून टाकलं. ताण देताना मुळ्या उघड्या केल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर फोन बंद.

दुसऱ्या दिवशी काटोलच्या बसनं म्हातारा खुरपं घेऊन हजर. थेट गच्चीवर गेला, चिमटीत माती घेऊन हुंगली.

“हा बहार गेला. आता मृगाचा पाहू, वैशाखात पुन्हा ताण देऊ,” तो म्हणाला. “फूल येईपर्यंत राहावं लागन मले.”

शोभाताई खाली आल्या, चहा टाकला आणि मयुरीला जवळ ओढलं.

“लोटा जपून ठेव वं,” त्या हळूच म्हणाल्या. “वैशाखात मीच सांगीन तुले, पाणी घाल म्हणून.”