टेकडीवरची जागा

तिने दुर्बिणीची चकती फिरवली, तसा समुद्र एकदम अंगावर आला. मागून नवरा सांगत होता, डावीकडे प्रवाळाचे खडक बघ, उजवीकडे दीपस्तंभ. तो बेटावरचा वाटाड्या. हॉटेलवाल्यांना पाहुण्यांसाठी देखाव्याच्या उत्तम जागा हव्या होत्या, म्हणून आठवडाभर तो टेकड्या पालथ्या घालत होता. आज बायकोलाही ओढून आणलं होतं.

अशी ती दोन वर्षांत घराबाहेर पडलीच नव्हती. सासूबाई घसरून पडल्या त्या अंथरुणालाच खिळल्या. त्यांचं सगळं जागेवर करावं लागे. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळातली नर्सची नोकरी तिने त्यापायी सोडली होती. आता तिथून पुन्हा बोलावणं आलं होतं. पण नोकरीचं नाव काढलं की सासूबाईंच्या पायातली कळ वाढायची. उद्या नकार कळवायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

गंमत म्हणून तिने दुर्बीण खाली, आपल्या घराकडे वळवली. अंगणात चादरी वाळत होत्या. एक चादर हलली आणि तिच्यामागून सासूबाई आल्या. चालत. हातात काठी नाही, भिंतीचा आधार नाही. रोपं उकरणाऱ्या कोंबडीला त्यांनी आधी हात उडवून हाकललं, मग पदर खोचून चक्क तिच्यामागे धावल्या.

रोज सकाळ-संध्याकाळ ती ज्यांना तेल चोळत होती, तेच हे पाय. राग यायला हवा होता, पण तोही सुचेना.

"कशी आहे जागा?" नवऱ्याने विचारलं. "एक नंबर ना?"

"हो," ती म्हणाली. "सगळं दिसतं इथून."

तो खूश होऊन तसाच हॉटेलवर गेला. ती घरी आली तेव्हा सासूबाई गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडल्या होत्या. पायांनी आज जीव नकोसा केलाय म्हणाल्या, घोटभर पाणी दे म्हणाल्या.

तिने पेला भरला. पलंगाशी न नेता तो समोरच्या खिडकीत ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

सासूबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

"कुठून दिसलं?"